बेपत्ता : निर्णय नव्हे, उघडा प्रश्न

१/ ५ डिसेंबर १९७१. भारतीय वायुसेनेच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे सुखोई-७ विमान घेऊन पाकिस्तानातील शोरकोट रोड हवाई तळावरील हल्ल्यासाठी गेले आणि परतले नाहीत. सरकारदरबारी त्यांच्या नावापुढे एकच शब्द उरला : बेपत्ता. हा धागा त्या शब्दाविषयी आहे.

२/ त्याच युद्धात सुखोई-७ चालवणारे दुसरे मराठी वैमानिक होते दिलीप परुळकर. ते युद्धकैदी झाले, ऑगस्ट १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि त्या वर्षअखेरीस मायदेशी परतले. त्यांची कथा आपल्याला ठाऊक आहे, कारण ती सांगायला ते स्वतः होते. जो परतत नाही, त्याच्या वतीने कागदांनाच बोलावे लागते.

३/ तांब्यांच्या बाबतीत कागद काय सांगतात? पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी युद्धकाळात ढाक्याच्या एका वृत्तपत्रात छापून आली. तीत ‘टॉम्बे’ असे एक नाव होते. पुढे पाकिस्तानने आपल्या ताब्यात असा कोणताही युद्धकैदी नसल्याचे सातत्याने सांगितले. युद्धकाळातील वृत्तपत्र हे प्रचाराचेही साधन असते, हे मान्य. परंतु हे नाव तेथवर पोहोचले कसे? ओळखपत्रावरून, की जिवंत माणसाच्या तोंडून? बातमीने काहीच सिद्ध होत नाही. पण तिने उभा केलेला प्रश्न पुसलाही जात नाही.

४/ त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी आयुष्य या शोधाला वाहिले. बेपत्ता सैनिकांच्या यादीत एकूण ५४ नावे आहेत. १९८३ आणि २००७ मध्ये त्यांच्या नातेवाइकांनी पाकिस्तानातील तुरुंग पाहिले. हाती काही लागले नाही.

५/ मराठी समाजाला ही अवस्था नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याची वदंता वर्षानुवर्षे टिकली. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही, असे परंपरा सांगते. याच संशयाच्या पोकळीत भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, तोवर त्याने राज्य हादरवले होते. जेथे पुरावा पोहोचत नाही, तेथे तोतया पोहोचतो.

६/ आजचे तोतये समाजमाध्यमांवर फिरतात. दर डिसेंबरला एक संदेश येतो : ‘ते अजून अमुक तुरुंगात आहेत.’ दुसरा येतो : ‘वीर हुतात्म्यास अभिवादन.’ पहिला कुटुंबाच्या आशेवर आपली भावना शेकतो. दुसरा हार घालून चौकशी संपवतो. दोन्हींत श्रद्धा असेल, पण दोन्ही निर्णय पुराव्याविना दिलेले आहेत.

७/ मग स्मरण कसे करावे? माझे मत स्पष्ट आहे : कागद मागून. युद्धविषयक दस्तऐवज साधारणतः २५ वर्षांत खुले करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये मंजूर केले. १९७१ ला त्याच्या दुप्पट काळ लोटला आहे. स्क्वाड्रनच्या नोंदी, शोधाची टिपणे, दोन्ही सरकारांमधील पत्रव्यवहार : जे जे गोपनीयतेच्या कारणाविना अडून आहे, ते राष्ट्रीय अभिलेखागारात यायला हवे. त्यातून दिलासा मिळेलच असे नाही. कदाचित एखादे कटू सत्यच समोर येईल. तेही कुटुंबाच्या हक्काचे आहे.

८/ मित्रहो, इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्या हाती तोफा नाहीत, मुत्सद्देगिरीही नाही. अर्ज करणे, नोंदी पडताळणे आणि खोटा संदेश पुढे न ढकलणे, एवढे मात्र आहे. विजय वसंत तांबे यांच्या नावापुढील ‘बेपत्ता’ हा शब्द पुराव्यानेच खोडला जावा. तोवर तो तसाच ठेवणे, हाच त्यांचा मान.