घरोघरच्या गोष्टी : मुखपृष्ठावरची बाई कोण?

आमच्या मातोश्रींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ नुकताच घरच्या घरीं पार पडला. त्यानिमित्त त्यांच्या आठवणींचें एक लहानसें पुस्तक छापून आप्तेष्टांना द्यावें, असें सर्वांनीं ठरविलें होतें. मजकूर थोरल्या सूनबाईंनीं उतरवून घेतला. मुखपृष्ठाचें काम आमच्या पुतण्याकडे गेलें. त्यानें संगणकावरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रयंत्राला दोन ओळी लिहून दिल्या. कोंकणांतलें जुनें घर आणि अंगणांत नऊवारी नेसलेली आजी, एवढेंच त्यांत होतें. जेवणाचीं पानें वाढून होण्याच्या आंत चार रंगीत चित्रें घेऊन स्वारी माजघरांत हजर!

चित्रें देखणीं होतीं, हें नाकारतां येणार नाहीं. मातोश्रींनीं चष्मा लावून तीं नीट पाहिलीं आणि विचारलें, "अरे, ही कोणाच्या घरची बाई?" नथ उजव्या नाकपुडींत, नऊवारीला काष्टा नाहीं, आणि चिऱ्याच्या भिंतीच्या जागीं राजवाड्याच्या कमानी! पुतण्या हिरमुसला. आम्हींही प्रथम यंत्रालाच दोष दिला; परंतु विचारान्तीं वाटूं लागलें कीं, दोष सर्वस्वीं त्याचा नव्हे.

हें यंत्र चित्र कसें काढतें, तें थोडक्यांत सांगतों. चित्रें व त्यांखालचे मथळे यांच्या असंख्य जोड्या त्याला दाखविलेल्या असतात. २०२२ च्या ऑगस्टांत 'स्टेबल डिफ्यूजन' नांवाचें असें एक यंत्र प्रसिद्ध झालें. त्याचें शिक्षण ज्या संग्रहाच्या निवडक भागांवर झालें, त्यांत सुमारें ५८५ कोटी जोड्या होत्या. शिकवितांना चांगल्या चित्रावर ठिपके उधळून तें पुसट करावयाचें, आणि ते ठिपके ओळखून काढावयास यंत्राला लावावयाचें. हा सराव पुरा झाला म्हणजे निव्वळ ठिपक्यांच्या धुरळ्यांतून, आपण दिलेल्या शब्दांच्या अनुरोधानें, तें पायरीपायरीनें नवें चित्र उभें करतें. जें पुष्कळ पाहिलें, तें त्याला सहज साधतें. जें क्वचित् पाहिलें, तेथें तें जवळपासचें कांहीं तरी लावून देतें. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

मग सारा भार मागणाऱ्याच्या शब्दांवर येतो. २०२२ च्या जूनमध्यें 'कॉस्मोपॉलिटन' या अमेरिकन मासिकानें 'डाल-ई २' या यंत्राकडून मुखपृष्ठ काढविलें, आणि त्याला अवघे २० सेकंद लागले, असें त्यावरच छापलें. परंतु तें करविणाऱ्या कॅरेन चेंग या कलावतीला त्यापूर्वीं शब्द बदलून बदलून शेकडों प्रयत्न करावे लागले होते. त्याच वर्षीं कोलोरॅडो राज्याच्या जत्रेंतील स्पर्धेंत जेसन ॲलन यांच्या 'मिडजर्नी'कृत चित्राला पहिलें बक्षीस मिळालें. आपण ६२४ वेळां तरी सूचना दिल्या, असें त्यांनीं सांगितलें. तथापि यंत्रानें केलेला भाग मनुष्याची निर्मिति नव्हे, म्हणून अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानें २०२३ मध्यें नोंदणी नाकारली. उलट, ज्या चित्रकारांच्या कृतींवर हीं यंत्रें शिकलीं, त्यांतील पुष्कळांची संमति कोणीं विचारलीच नव्हती. त्यांचें हें ऋण आपण विसरूं नये.

आमचा पुतण्या दुसऱ्या दिवशीं वही घेऊन आजीपाशीं बसला. ओटीला पायऱ्या किती होत्या? झोपाळा कोठें टांगलेला असे? तुळशीपुढची पणती कोण लावी? रहाटाचीं गाडगीं मातीचीं कीं पत्र्याचीं? हे प्रश्न दोन दुपारी चालले. ज्या घरांत त्याच्या आजोबांचा जन्म झाला, त्या घराची एवढीही माहिती त्याला नव्हती. खरें सांगावयाचें तर आम्हांलाही निम्मी नव्हती. तें घर विकून पुष्कळ वर्षें लोटलीं, छायाचित्र एकही उरलें नाहीं, आणि मातोश्रींची स्मरणशक्ति आतां मधूनमधून दगा देऊं लागली आहे. चारपांच प्रश्नांना तर "आठवत नाहीं रे बाळा" एवढेंच उत्तर मिळालें. तेच प्रश्न दोन वर्षांपूर्वीं विचारले असते तर? ही रुखरुख आमच्या मनांतून अद्यापि जात नाहीं.

अखेरीस मुखपृष्ठावर माणूस घातलेंच नाहीं. तिन्हीसांजेचें अंगण, वृंदावन आणि एक पणती, एवढेंच चित्र यंत्राकडून घेतलें. त्यावरील अक्षरें धाकट्या सूनबाईंनीं आपल्या वळणदार हातानें लिहिलीं, आणि चित्र यंत्रकृत असल्याची नोंद आंतल्या पानावर स्पष्ट छापली. वहींतलीं उत्तरें पुस्तकाचें पहिलें प्रकरण झालीं. मातोश्रींनीं पुस्तक हातीं घेतलें, तेव्हां चित्राकडे एकवार पाहून त्यांनीं तेंच प्रकरण उघडलें.

आमच्या वाचकांपैकीं कोणी मुंजीची पत्रिका, घराण्याचा वृत्तान्त किंवा मुलांचें हस्तलिखित याकरितां अशा यंत्राची मदत घेणार असतील, तर अवश्य घ्यावी. मात्र पहिली सूचना लिहिण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वडील माणसापाशीं वही घेऊन बसावें. यंत्र कितीही दिवस थांबेल. वडील माणसांच्या बाबतींत तशी खात्री कोणीं धरूं नये.