शिंपल्याचे बीज आणि माशांचे बीज

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राच्या रेतीत खोल रुतून केवळ आपली मांसल नळी वर काढणारा आणि 168 वर्षांपर्यंत जगल्याची नोंद असलेला जिओडक नावाचा जो प्रचंड खाद्य शिंपला आहे, त्याच्या अळ्या काही आठवडे पाण्यात स्वैर तरंगून मग तळ गाठतात. कुकडी, मीना, घोड या आपल्या नद्यांतील शिंपल्याला ही मुभा नाही. त्याने अळ्या तशाच सोडल्या, तर पहिला पूर त्यांना भीमेच्या हवाली करील. म्हणून लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीची मादी अंडी स्वतःच्या कल्ल्यांतच वाढविते, आणि बाहेर पडलेली सूक्ष्म द्विपुट अळी जवळून जाणाऱ्या माशाचा कल्ला किंवा पर पकडून त्याच्या त्वचेत काही काळ वस्ती करते व मग गाळात उतरते. मासा भेटलाच नाही, तर ती मरते.

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या संस्थांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बोटुकली सोडताना हिशेब कटला-रोहूचा होतो. परंतु शिंपल्याच्या अळीला कोणताही मासा चालतो असे नाही, आणि नदीचे मूळचे बारीक मासे ओसरले तरी जुने शिंपले वर्षानुवर्षे जिवंत राहात असल्यामुळे तळ भरलेला दिसतो व वंश खुंटल्याची वर्दी कोणालाच मिळत नाही. त्यात उन्हाळी आवर्तनाने पाणी झपाट्याने उतरले की मंदगती शिंपले काठच्या चिखलात उघडे पडतात.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने याच जातीत मोती पिकविण्याची पद्धत विकसित केल्यापासून या व्यवसायाकडे अनेकांचा ओढा आहे, आणि तो आम्हांस स्वागतार्हच वाटतो. मात्र नदीतून पोत्यांनी शिंपले उपसण्याची रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. मणी बसविण्यासाठी शिंपला किंचित उघडला असता कल्ले पिठूळ व फुगीर दिसले, तर ती गाभण मादी समजून उचलल्या जागी परत सोडावी. उपसा करण्यापूर्वी तळाचा गाळ बारीक चाळणीत धुऊन नखाएवढी पिल्ले आढळतात का ते पाहावे; न आढळल्यास त्या डोहाला हात लावू नये, आणि ही अट प्रत्येक संस्थेने आपल्या ठरावात नमूद करावी.