दाता होता, दान होते. कायद्याच्या लेखी घेणाराच नव्हता!

१/ व्हर्जिनियातील सायलस हार्ट यांनी १७९० साली मृत्युपत्र केले. फिलाडेल्फियात दरवर्षी भरणाऱ्या बॅप्टिस्ट संघास त्यांनी आपले सरकारी रोखे दिले. हेतू एकच, होतकरू तरुणांस धर्मोपदेशकाचे शिक्षण मिळावे. हार्ट १७९५ मध्ये निवर्तले. संघाला सनद मिळाली १७९७ मध्ये. दान बुडाले ते या दोन वर्षांच्या फटीत.

२/ सरन्यायाधीश जॉन मार्शल यांचा १८१९ मधील निकाल असा: सनद नसलेला संघ म्हणजे सतत बदलणारा जनसमूह, संघ म्हणून त्याला दान स्वीकारता येत नाही. इंग्लंडच्या १६०१ च्या धर्मादाय कायद्याने ते तरले असते. पण व्हर्जिनियाने इंग्रजी कायदे १७९२ मध्येच रद्द केले होते.

३/ तर्क काटेकोर, पाया मात्र कच्चा. इंग्लंडमधील चान्सरी न्यायालयाचे जुने दप्तर छापले गेले, तेव्हा १६०१ पूर्वीही तेथे अशी दाने मान्य होत असल्याचे दिसले. न्यायमूर्ती स्टोरी यांनी १८४४ च्या जिरार्ड खटल्यात ते स्वीकारले. (१८१९ मध्ये हेच स्टोरी मार्शल यांच्या बाजूचे!)

४/ व्हर्जिनिया हटले नाही. १८५१ च्या राज्यघटनेने चर्चला सनद देण्यासच मनाई केली. विश्वस्तांच्या नावे मर्यादित जमीन ठेवण्याची तेवढी मुभा. जुन्या राजाश्रयी अँग्लिकन चर्चच्या संपत्तीचा धसका समजण्याजोगा होता. परंतु सनदेवाचून दान नाही आणि सनदही नाही, हा उघड अन्याय होता. त्यातही, त्या राजाश्रयाविरुद्ध हिरिरीने लढले होते ते बॅप्टिस्टच! ही मनाई संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, ती २००२ मध्ये.