मिळणे, भेटणे आणि 'गेट'

इंग्रजीतील 'गेट' नोकरीपासून सर्दीपर्यंत सारे काही कर्त्याच्या पदरात टाकते. मराठीत मात्र नोकरी 'मला' मिळते, सर्दी 'मला' होते. 'मी' चतुर्थीत बसून राहतो. 'मी मिळवली' म्हटले, की मगच श्रम आले.

अंधेरी-बोरिवलीच्या वर्गांत आम्ही मराठी शिकवतो. एक विद्यार्थिनी धावत आली, "सर, मला नोकरी भेटली!" आम्ही अभिनंदनाआधी क्रियापद दुरुस्त केले: माणूस भेटतो, वस्तू मिळते. तिचा चेहरा उतरला.

हा हिंदी 'मिलना'चा परिणाम, असे आपण सवयीने म्हणतो. पण निव्वळ नक्कल असती, तर 'रस्त्यात मित्र मिळाला' ही चूक अधिक ऐकू यायला हवी होती. विदर्भ-मराठवाड्याकडील बोलींत वस्तूही 'भेटतात', आणि ती माणसे उपनगरांत राहायला येताना आपले क्रियापद गावी ठेवून येत नाहीत. शिवाय आमचा नियम तरी कुठे अभेद्य आहे? मिठी नदी माहीमच्या खाडीला 'मिळते'च. तेथे कोण कोणास प्राप्त होते?

उत्तरपत्रिकेत आम्ही 'मिळाली' हेच मागू. प्रमाणभाषा शिकवणे हे आमचे काम आहे. त्या दिवशी मात्र ती उत्तरपत्रिका घेऊन आली नव्हती.