उपांग कोणाला, वस्तू कोणाकडे?

मराठीच्या वर्गात विभक्तीचा विचार बहुधा तक्त्यापासून सुरू होतो आणि तक्त्यापाशीच संपतो. ‘स, ला, ते’ पाठ होतात. परंतु ‘ला’ वाक्यात नेमके कोणते काम करतो, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत टिपणात त्यांपैकी एकाच कामाचा विचार करावयाचा आहे. शरीराला जोडलेल्या पाय, पंख, शृंगिका इत्यादी भागांसाठी शास्त्रीय मराठीने ‘उपांग’ ही संज्ञा स्वीकारली आहे. संज्ञा उत्तम आहे. चिंता आहे ती ज्या वाक्यात ती बसवली जाते, त्या वाक्याची.

‘उपांग’ हा शब्द प्राणिशास्त्राने घडवलेला नाही. वेदांच्या सहा अंगांच्या जोडीला परंपरेने पुराण, न्याय, मीमांसा व धर्मशास्त्र ही उपांगे मानली. श्वेतांबर जैन आगमांत अंगांबरोबर बारा उपांगे आहेत. आश्विन शुद्ध पंचमीच्या ‘उपांगललिता’ व्रतातून हा शब्द मराठी घरांतही पोहोचला. मुख्य अंगाला जोडून असलेले, त्यावाचून ज्याला स्थान नाही असे ते उपांग, हा अर्थ या सर्व ठिकाणी कायम आहे. म्हणजे ‘जोडलेले असणे’ हाच या शब्दाचा गाभा होय.

आता अनुवादित पाठांत आढळणारी वाक्यरचना पाहावी : ‘कीटकांकडे पायांच्या तीन जोड्या असतात’, ‘कोळ्याजवळ शृंगिका नसतात’. माहितीच्या दृष्टीने दोन्ही विधाने बिनचूक आहेत. मराठीच्या दृष्टीने दोन्ही सदोष आहेत. कीटकाला पाय असतात. कोळ्याला शृंगिका नसतात. इंग्रजीतील ‘हॅव’ हे एकच क्रियापद हात, भाऊ, पुस्तक आणि पैसा या सर्वांसाठी चालते. मराठीने मात्र येथे स्पष्ट भेद केला आहे. जे जोडलेले आहे त्यासाठी ‘ला’. जे केवळ ताब्यात आहे त्यासाठी ‘कडे’ किंवा ‘जवळ’.

हा भेद पोथीतला नव्हे, हे पटण्यासाठी अंबड परिसरातील शेतकऱ्याचे बोलणे पुरेसे आहे. पोळ्याच्या आधी दुकानदाराकडे शेंब्या असतात. पोळ्याच्या दिवशी त्याच शेंब्या बैलाला असतात. वस्तू तीच, पण शिंगावर चढताच तिचे व्याकरण बदलते. ‘बैलाला शिंगे आहेत’ हे वर्णन झाले. ‘पाटलांकडे शिंगे आहेत’ म्हटले तर ती भिंतीवर टांगलेली असणार. जयपूर पायाचेही तसेच आहे. तो पेटीत असेपर्यंत माणसाकडे असतो. बसवला की माणसाला असतो. कृत्रिम अवयव आपला झाला, ही गोष्ट भाषा एका प्रत्ययाने मान्य करते.

नातेसंबंधांतही हीच व्यवस्था आहे. ‘म्हातारीला दोन मुलगे आहेत, पण तिच्याकडे कोणी नाही’ या वाक्यात एका घराची सारी कहाणी आहे. पहिल्या भागात नाते आहे, दुसऱ्यात सोबत. दोन्ही ठिकाणी ‘कडे’ घातले तर वाक्य स्वतःचेच खंडन करील. जमिनीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ‘त्याला दहा एकर आहे’ म्हटले की ती त्याची स्वतःची, बहुधा वडिलोपार्जित. ‘त्याच्याकडे दहा एकर आहे’ म्हटले की ती बटईनेही असू शकते. जमीन हा अवयव नव्हे, हे खरे. परंतु शेतकरी तिला अवयवाच्या ओळीत बसवतो. कोणती गोष्ट ‘जोडलेली’ मानावयाची, हा निर्णय शरीरशास्त्राचा नसून समाजाचा असतो. तो निर्णय नोंदवण्याची जागा म्हणजे हा प्रत्यय.

अंबडच्या भूगोलातही ही दृष्टी दिसते. गावाची देवी मत्स्योदरी. टेकडीचा आकार माशासारखा म्हणून हे नाव, असे सांगतात. उदर हा अवयव येथे थेट देवीच्या नावात आला आहे. एरवीही आपण टेकडीला माथा, पोट, पायथा आणि सोंड असल्याचे सहज म्हणतो. ‘टेकडीकडे सोंड आहे’ असे कोणी म्हणणार नाही. म्हटलेच तर सोंड टेकडीच्या दिशेला आहे, असा भलताच अर्थ होईल.

यावर आक्षेप असा येईल की भाषा बदलते, आणि ‘त्याच्याकडे प्रतिभा आहे’ हे आज सर्वमान्य आहे. गुणांच्या बाबतीत ‘कडे’ रुळला, हे मान्य करावयास हवे. परंतु तेथेही ‘त्याला अक्कल आहे’ हे वाक्य हटलेले नाही. दोन रचना शेजारी नांदत आहेत. बदल नवा भेद आणत असेल तर त्याचे स्वागत करावे. येथे मात्र असलेला भेद पुसला जात आहे, आणि तोही बोलणाऱ्यांच्या गरजेने नव्हे, तर अनुवादाच्या घाईने. याचा दोष हिंदीवरही ढकलता येत नाही. हिंदी ‘उसके दो हाथ हैं’ आणि ‘उसके पास किताब है’ हा भेद पाळते. तेलुगू व कन्नड या शेजारणीही अवयव आणि नाती यांसाठी चतुर्थीच वापरतात, ताब्यातील वस्तूंसाठी ‘जवळ’ या अर्थाचा शब्द. काही अभ्यासक तर ‘ला’ची व्युत्पत्ती ‘लाग-’ या धातूकडे नेतात. त्यावर एकमत नाही. पण प्रत्ययाचे आजचे काम त्या अर्थाला साजेसे आहे.

दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडशः आला. या पायावर पुढचे काम आपले आहे. परिभाषा कोशात संज्ञेसमोर प्रतिशब्द देऊन थांबू नये. ती संज्ञा वाक्यात कशी येते, याचे एक उदाहरण द्यावे. ‘उपांग’ या नोंदीखाली ‘संधिपाद प्राण्यांना सांधेयुक्त उपांगे असतात’ एवढे एक वाक्य असले, तरी अनुवादकाची वाट सरळ होईल. महाविद्यालयीन अध्यापकांनी विभक्तीचा तक्ता शिकवताना आपल्या तालुक्यातील बोलीची दहा वाक्ये विद्यार्थ्यांकडून जमवून घ्यावीत.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तांत्रिक शिक्षणाची पुस्तके मराठीत येऊ लागली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शब्द मराठी आणि वाक्य परके, अशा पुस्तकांतून शिकणारा विद्यार्थी आपल्या आजीच्या भाषेतील हा सूक्ष्म भेद गमावून बसेल. संज्ञा उसनी घेता येते, नवी घडवताही येते. वाक्याचा सांधा एकदा निखळला की तो बसवणे कठीण असते.