इलेक्ट्रिक रिक्षा आली, मग गिअरची भट्टी थंड होणार का?

बारामतीच्या पियाजिओ कारखान्यातून डिझेल अ‍ॅपे रिक्षा निघते, तशी इलेक्ट्रिकही निघते. ई-सिटी हे मॉडेल २०१९ च्या डिसेंबरात आलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राची १०,९०० कोटींची पीएम ई-ड्राइव्ह योजनाही सुरू झाली. आता इंजिनच गेलं, तर त्याच्या पार्ट्सच्या हीट ट्रीटमेंटवर ज्यांचं पोट आहे त्यांचं काय?

आधी भट्टीत काय होतं ते बघू. गिअरचा दात वरून कडक आणि आतून चिवट लागतो. त्याच्या स्टीलमध्ये कार्बन असतो जेमतेम ०.२ टक्के. म्हणून ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला, कार्बन देणाऱ्या वायूत गिअर ठेवतात. कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून आत सरकतात. हेच डिफ्यूजन. मग तेलात टाकून झटकन गार करायचं.

खरी गंमत वेळेत आहे. ९२७ अंशांना पहिल्या तासात कडक थर साधारण ०.६४ मिलिमीटरचा होतो. चार तासांत? फक्त १.२७. खोली दुप्पट हवी तर वेळ चौपट! आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत एन-स्क्वेअर. तापमान वाढवलं की काम लवकर होतं, पण स्टीलचे कण फुगतात आणि गिअर वाकायची भीती वाढते.

त्यात क्रोमियम, मँगनीज किती आहे यावरही कार्बनची चाल बदलते. म्हणून नुसत्या सूत्रावर भागत नाही, मोजावंच लागतं. गिअरसोबत त्याच स्टीलचा एक तुकडा भट्टीत जातो. तो कापून, पॉलिश करून, कडेपासून आत ठरावीक अंतरावर हिऱ्याच्या टोकाने बारीक ठसे उमटवतात. कडकपणा ५५० व्हिकर्सवर उतरला की तिथपर्यंतची खोली म्हणजे केस डेप्थ.

आता इलेक्ट्रिककडे. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह सगळं गेलं. क्रँकशाफ्टसाठी नाव असलेल्या भारत फोर्जचाही बारामतीत प्रकल्प आहे, त्यामुळे हा बदल इथे जाणवणारच. गिअर मात्र राहतो, कारण मोटरचा वेग चाकाला झेपेल इतका कमी करावा लागतो. गिअरच्या जोड्या घटतात, म्हणजे गाडीमागे भट्टीचं काम कमी होणार, यात शंका नाही. पण उरलेलं काम जास्त काटेकोर आहे. भट्टीत गिअर जरासा वाकला तरी तो चालताना कुईं करतो. डिझेलच्या धडधडीत ते कुणाला ऐकू येत नव्हतं, इलेक्ट्रिक रिक्षात मागच्या सीटवरही ऐकू येतं.