बाकावर बसलेला मुलगा

नागपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा सोळा वर्षांचा. चौदाव्या वर्षी त्याने क्लबकडून दोन शतके ठोकली, तेव्हा सगळा मोहल्ला म्हणू लागला की हा पोरगा नाव काढणार. वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन चांगली बॅट घेऊन दिली. या मोसमात मात्र सलग सहा डावांत वीस धावासुद्धा झाल्या नाहीत. प्रशिक्षकांनी आधी त्याला सलामीवरून सातव्या क्रमांकावर नेले आणि मग तीन सामने बाहेर बसवले. वडील म्हणतात, "क्लब बदलू. इथे आपल्या पोराला कोणी विचारत नाही."

खरी काळजी पत्राच्या शेवटी आहे. मुलगा फजरनंतर किट घेऊन घरातून निघतो. पण गेले आठ दिवस तो मैदानावर जातच नाही, फुटाळ्याच्या काठावर बसून राहतो. शेजारच्या बाईंनी हे अम्मीला सांगितले. वडिलांना अजून माहीत नाही. "काय करू?" असे त्या विचारतात.

आधी प्रशिक्षकाच्या जागी उभे राहून पाहू. त्याच्याकडे जागा अकरा आणि मुले पंचवीस असतात. फलंदाजाचा डाव एका चेंडूत संपतो. गोलंदाजाला पुढचा चेंडू मिळतो, फलंदाजाला पुढचा सामनाच. म्हणून दोन-तीन अपयशांवरून फलंदाजाची पारख करणे हा अन्याय आहे. पण सहा-सात डावांनंतरही त्यालाच खेळवत राहिले, तर बाहेर वाट पाहणाऱ्या मुलावर अन्याय होतो. संघातली जागा ही अमानत आहे, कोणाची मिरास नव्हे. शिवाय, चुकणाऱ्या मुलाला रोज सामन्यात ढकलले की चूक पक्की होत जाते. कधी कधी त्याला खालच्या क्रमांकावर आणणे, किंवा पंधरा दिवस नेटमध्येच ठेवून पायांची हालचाल सुधारणे, यातच त्याचे भले असते. बाहेर बसवणे ही नेहमीच शिक्षा नसते.

मात्र ती शिक्षा वाटू नये हे प्रशिक्षकाच्या हातात आहे. का बसवले, काय सुधारायचे आहे आणि पुढची संधी साधारण केव्हा, या तीन गोष्टी मुलाला समोर बसवून सांगितल्या पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी नेमके हेच होत नाही. फलकावर नाव नसते आणि मूल आपणच कारण शोधत बसते. सोळा वर्षांचे मूल असे कारण शोधू लागले की बहुधा "मी कुचकामी आहे" इथेच येऊन थांबते.

याचा एक दाखला नागपूरच्याच मैदानावर आहे. वसीम जाफर फेब्रुवारी 2000 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिली कसोटी खेळला, तेव्हा त्याचे वय बावीस होते. मुंबईकडून दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्याने नाबाद 314 धावा केल्या होत्या, त्यामुळे अपेक्षा डोंगराएवढ्या होत्या. त्या मालिकेत त्याला एकही अर्धशतक करता आले नाही आणि तो संघाबाहेर गेला. 2002 मध्ये पुन्हा बोलावणे आले, काही चांगले डावही झाले; पण इंग्लंडच्या दौऱ्यात धावा आटल्या आणि तो पुन्हा बाहेर. या वेळी साडेतीन वर्षांहून अधिक काळ. तो मुंबईकडून रणजी खेळत राहिला आणि धावा करत राहिला. मार्च 2006 मध्ये इंग्लंडविरुद्ध नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या व्हीसीए मैदानावर तो परत आला. पहिल्या डावात 81, दुसऱ्या डावात 100. कसोटीतले पहिले शतक! त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये त्याने द्विशतकही केले. पुढे चाळिशीत हाच जाफर विदर्भाकडून खेळला आणि 2018-19 च्या रणजी मोसमात त्याने हजारावर धावा केल्या.

दुसरा दाखला नागपूरच्याच फैज फजलचा. 2003-04 च्या मोसमात रणजी पदार्पणातच त्याने 151 धावा केल्या. अशी सुरुवात करणाऱ्या मुलाला लोक लगेच भारतीय संघात बघू लागतात. प्रत्यक्षात बोलावणे आले 2016 मध्ये, वयाच्या तिशीत. हरारेला झिंबाब्वेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात त्याने नाबाद 55 धावा केल्या. तो त्याचा पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. वाईट नक्कीच वाटते. पण दीड वर्षाने, 1 जानेवारी 2018 रोजी, इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार फैज फजलच होता आणि त्या मोसमात त्याच्या नावावर 912 धावा होत्या. पुढच्या वर्षी करंडक विदर्भाकडेच राहिला. एक दार बंद झाले म्हणून त्याने खेळाकडे पाठ फिरवली असती, तर हे घडले नसते.

त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित कडक शिस्तीसाठी ओळखले जातात. तरी इंदूरच्या अंतिम सामन्यात उमेश यादव नसताना एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरेला रणजी पदार्पणाची संधी दिली गेली. रजनीश गुरबानी त्या मोसमात सहाच सामने खेळला. पण उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध दुसऱ्या डावात सात बळी आणि अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक त्याचीच होती. ज्या सामन्यांत तो नव्हता, त्या दिवसांत त्याने सराव सोडला असता तर?

आपल्या सीरतमध्ये तर याहून मोठा धडा आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) चौदा वर्षांचे असताना उहुदच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर हजर झाले. त्यांना परवानगी मिळाली नाही. खंदकच्या वेळी ते पंधरा वर्षांचे होते, पुन्हा हजर झाले, आणि या वेळी परवानगी मिळाली. त्या नकाराने त्यांची किंमत कमी झाली नाही. तो "आता नाही" एवढाच होता. उहुदच्याच वेळी राफे (रजि.) यांना तिरंदाजीमुळे घेतले गेले, तेव्हा समुरा (रजि.) या मुलाने सांगितले की कुस्तीत मी याला हरवतो. दोघांची कुस्ती लावली गेली, समुरांनी ती जिंकली आणि त्यांनाही घेतले गेले. म्हणजे निवड गुणांवर झाली आणि मुलाचे म्हणणेही ऐकून घेतले गेले.

आता भगिनीच्या प्रश्नाकडे. पहिले काम क्लबचे नाही, घरातले आहे. मुलाला खोटे बोलण्यावरून फैलावर घेऊ नका. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली; त्या काळात त्यांना कधी "उफ्" सुद्धा ऐकावे लागले नाही. एखाद्या सकाळी आपणच त्याच्याबरोबर फुटाळ्यावर जा. धावांविषयी एक शब्द काढू नका. तो कशाला घाबरतो आहे, हे त्याला बोलू द्या. आम्हाला वाटते, त्याला मैदानापेक्षा संध्याकाळी घरात होणाऱ्या "आज किती केल्या?" या प्रश्नाची भीती अधिक असावी.

वडिलांपासून ही गोष्ट लपवू नका, पण सांगण्याआधी मुलाला सांगा की तुम्ही सांगणार आहात. मग वडिलांनी एकट्याने, सामन्याचा दिवस सोडून, प्रशिक्षकांना भेटावे. भांडायला नव्हे, वर सांगितलेल्या तीन गोष्टी विचारायला. भेदभाव कुठेच होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो आरोप करण्याआधी पाहावे की इतरही मुले अशीच आलटून पालटून बसतात का, आणि धावा होत होत्या तेव्हा याच प्रशिक्षकांनी त्याला सलामीला पाठवले होते की नाही. नीट उत्तर मिळाले तर मोसम संपेपर्यंत थांबावे. उत्तरच मिळाले नाही, तर मोसमानंतर क्लब बदलण्यात काही गैर नाही. रागाच्या भरात मध्येच किट उचलणे मात्र मुलाला पळायला शिकवणे होईल.

आणि मुलासाठी एक निरोप. बेटा, बाकावर बसलेलाही संघातच असतो. फजरनंतर तुझी पावले आपोआप घराबाहेर पडतात, ही मोठी नेमत आहे. ती मैदानाकडे वळव. धावा होतील किंवा होणार नाहीत, ते अल्लाहच्या हाती. नेटमध्ये हजर राहणे तुझ्या हाती. आणि उद्या तू क्रिकेटपटू झाला नाहीस, तरी तुझ्या अम्मी-अब्बांचा मुलगा तू आजच्याइतकाच असशील. हे त्यांनी तुला तोंडाने सांगावे, एवढीच आमची त्यांना विनंती आहे.